डावी बाजू धरणारा

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोज लिहायचं. अभ्यासकांच्या रोजनिश्या पुढे फार उपयोगी पडतात.
काल जुने गालिचे आणि वस्त्रे अभ्यास मंडळाची बैठक झाली. मी पुन्हा डावी बाजू धरली. मंडळाची पद्धतच तशी आहे. गालिचा टेबलावर टाकायचा नाही, भिंतीला टांगायचा नाही. दोन सहयोगी सदस्यांनी तो दोन्ही बाजूंनी धरून उभं राहायचं आणि पूर्ण सदस्यानं छडी घेऊन बोलायचं. सहा वर्षं मी डावीकडे उभा आहे. काल भिंगवाले (पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, भिंग तेव्हापासूनचं) पन्नास मिनिटं एका किनारीवर बोलले. खांदा गेला. शिवाय हॉलचा एसी. तो बंद कुठून करायचा हे कुणालाच ठाऊक नाही.
संकल्प: यंदा पूर्ण सदस्य व्हायचंच. स्वतःच्या गालिच्यावर एक व्याख्यान आणि मग मतदान, असा नियम आहे. २४ मार्च मागून घेतली. अध्यक्ष, म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर, म्हणाले की बघा हं, झेपेल ना. आयुष्यभर लोकांची तोंडं उघडली, स्वतःचं मिटायला शिकले नाहीत.

५ फेब्रुवारी
काल लिहिलं ते वाचलं. शैली चांगली आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. ऑफिसमधून लवकर
सापडलं!! आपल्या घरच्या हॉलमधला गालिचा, डावा खालचा कोपरा. बारा वर्षं त्यावरून चालतोय आणि आज भिंग लावल्यावर दिसलं. तळहाताएवढ्या जागेत लाल रंग वेगळा आहे, जरा काळपट. गाठी जास्त घट्ट. आणि तिथल्या फुलाला पाकळ्या पाच! बाकी सगळ्या फुलांना सहा-सहा. तीनदा मोजल्या.
याचा अर्थ एकच. विणणारी बाई काम संपता संपता गेली. उरलेला कोपरा तिच्या लेकीनं पुरा केला. गळलेली सहावी पाकळी म्हणजे आई. मला भरून आलं.
हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, त्या कोपऱ्याचं तुम्हाला कधीचं सांगायचंय. मी म्हटलं, आधी चहा टाक. मग सांगायचं राहिलं.

९ फेब्रुवारी
गालिच्याच्या एकूण गाठी मोजायचा संकल्प. रोज एक तास.

१३ फेब्रुवारी
१,१४० पर्यंत आलो आणि दाराची बेल वाजली. इस्त्रीवाला. पुन्हा पहिल्यापासून.
इस्त्रीवरून आठवलं. आठ वर्षांपूर्वी हाच कोपरा दुमडायला लागला होता म्हणून मी त्यावर गरम इस्त्री ठेवली होती आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला. थोडा वास आला खरा. धूर म्हणण्याइतका नाही. मी कोपरा सोफ्याखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवशी दोन आठवड्यांच्या दौऱ्यावर गेलो. परत येऊन हळूच पाहिलं तर कोपरा ठणठणीत! जुनी लोकर ती. आजकालची असती तर भोक पडलं असतं. हा मुद्दा व्याख्यानात घ्यायचा.

१७ फेब्रुवारी, रविवार
बैठक. डावी बाजू. थंडीनं दात वाजले. अशा वेळी माझा गडद लाल स्वेटर फार आठवतो. तो त्या इस्त्रीनंतरच्या दौऱ्याच्या सुमारास गेला. मेहुणा तेव्हा चार दिवस राहायला आला होता. मी दौऱ्यावरून आलो तेव्हा मेहुणा नाही, स्वेटर नाही. आरोप करत नाही, फक्त नोंद करतो. हिच्याकडे विषय काढला की ही स्वयंपाकघरात जाते. भावाला पाठीशी घालणारच.

२ मार्च, शनिवार
गाठी मोजणं तूर्त स्थगित. आकडेमोड सामान्य लोक करतात. माझा विषय भावनेचा आहे.
ही आज म्हणाली, कोपऱ्यावर नका बोलू, किनारीवर बोला. कारण विचारलं तर म्हणे, पाच मिनिटं बसून ऐकाल का? मी म्हटलं, हे बघ, घरात एकाचं नाव व्हायची वेळ आली की दुसऱ्याला थोडा त्रास होतो, ते स्वाभाविक आहे. त्यावर ही काही बोलली नाही. अजून बोलत नाही. अभ्यासाला निवांतपणा मिळाला.

११ मार्च
अडचण. बोलणारा मी, तर डावी बाजू कोण धरणार? सहा वर्षांत मंडळानं दुसरा डावा तयार केलेला नाही. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. व्वा!

१४ मार्च
हिनं अबोला सोडला. डावी बाजू मी धरते म्हणाली. चेहरा कसातरीच होता. अभिमान असणार.

२३ मार्च, शनिवार
आरशासमोर तालीम. लेकीच्या अश्रूंचा भाग बोलताना स्वतःलाच हुंदका आला. पूर्ण सदस्य झाल्यावर पहिली मागणी एसीची. दुसरी, धरणाऱ्यांना मध्ये पाच मिनिटं सुट्टी. मी खालून वर आलेला माणूस आहे, विसरणार नाही.

२४ मार्च, रविवार. संध्याकाळी ६
लिहिणार नव्हतो.
पस्तीस मिनिटं उत्तम गेली. गळलेल्या पाकळीला पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मग भिंगवाले उठले आणि कोपऱ्यापाशी उकिडवे बसले. उठेचनात. डॉक्टरही आले, दाताची ती टोकदार सळई घेऊन. दोघांनी कोपरा उलटा करून पाठ पाहिली. आणि डॉक्टर म्हणाले, हा भाग जुना नाही, फार तर दहा वर्षांचा. पण असं रफू मी जन्मात पाहिलं नाही, कोणी केलं?
मी म्हणालो, कोणीही हात लावलेला नाही. पुरावा म्हणून इस्त्रीची हकीकत सांगितली. सविस्तर.
मग डावीकडून ही म्हणाली, मी केलं.
भोक पडलं होतं म्हणे, तळहाताएवढं. मी दौऱ्यावर असताना हिनं तेरा दिवस बसून आधी उभे धागे भरले, मग एकेक गाठ मारली. लोकर कुठली, असं भिंगवाल्यांनी विचारलं. तर ही म्हणाली, यांचा एक स्वेटर होता. आणि सहावी पाकळी का नाही? लोकर संपली. चुकलेल्या गाठी कापून टाकाव्या लागल्या, अख्खा स्वेटर बाह्यांसकट उसवला तरी पुरली नाही.
टाळ्या झाल्या. माझ्या व्याख्यानाला झाल्या नव्हत्या.
मतदान माझ्यावर झालंच नाही, तिच्यावर झालं. एकमतानं पूर्ण सदस्य. सहयोगींना मत नसतं, तरी माझा हात वर गेला.

२५ मार्च. सकाळी ७
रात्रभर राग होता, पण कोणाचा ते कळेना. सकाळी हिला विचारलं की आठ वर्षं गप्प का राहिलीस. ही म्हणाली, दौऱ्यावरून आल्या आल्या तुम्ही चोरून सोफ्याखाली वाकून पाहिलंत. कोपरा धड दिसला तेव्हा इतके खूश झालात की मला सांगवेना. आणि सांगायचं ठरवलं तेव्हा तुम्ही ऐकेनात.
चहा मी केला.

२९ मार्च
मंडळाचा राजीनामा लिहिला. बाणेदार झालाय. पाकीट मिळालं नाही.
संकल्प: मेहुण्याला फोन करून माफी मागायची. उद्या.

३१ मार्च
मेहुण्याला फोन केला. हवापाण्याचं बोललो.

२१ एप्रिल, रविवार
हिचं पहिलं व्याख्यान. विषय दुरुस्ती. हॉल भरलेला, मागे लोक उभे. गालिचा आपलाच. मंडळाकडे दुसरा डावा अजून नाही.
ही छान बोलते. हे मला माहीत नव्हतं, म्हणजे घरी कधी ऐकलं नव्हतं. एकदाच मधे थांबून सगळ्यांसमोर म्हणाली, अहो, डावी बाजू जरा वर घ्या. घेतली.
एसी तसाच. तासभर कुडकुडत उभा होतो. स्वेटर समोरच होता, खालच्या कोपऱ्यात, पाच पाकळ्यांचा.