पिन मी बदलला होता

सूस,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

चार महिने तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. माफ करा. डायरी रोज लिहिली, त्यात भाजीपासून पावसापर्यंत सगळं आलं, फक्त तुम्ही आला नाहीत. आज लिहिते आहे, कारण काल पिरंगुटच्या दुकानात तुमचा फोन उघडला.

कासार आंबोलीच्या घराच्या भिंतीवर तुम्ही कोळशानं सगळ्यांचे नंबर लिहायचात. ट्रॅक्टरवाला, डॉक्टर, तुमची दोन्ही मुलं, मी आणि संदीप. जुलैतल्या त्या रविवारी पाहते तर त्याच रांगेत फोनचा पिनसुद्धा! मी केवढी चिडले.

"दादा, खोल्यांतले भाडेकरू इथूनच ये-जा करतात. असं उघड्यावर लिहितात का?"

"आगं, त्यांना माज्या फोनात काय घावनार हाय? तुजी अन् संद्याची भांडणं?"

तुम्ही हसत होता. मी ओल्या फडक्यानं भिंतीवरची तेवढी ओळ पुसली आणि पिन बदलला. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून मनाला येतील ते चार आकडे टाकले. चहा होईपर्यंत तुमच्याकडून चारदा म्हणून घेतले, लहान मुलासारखे. डायरीत मात्र लिहिले नाहीत. दुसऱ्याचं खासगी आपल्या वहीत कशाला, म्हटलं. किती नीट वागले मी!

त्याच संध्याकाळी ओढ्याकडचा तुकडा विकण्यावरून तुमचं आणि संदीपचं वाजलं. तो जेवण न करता चांद्याला त्याच्या घरी निघून गेला.

सोमवारी तुम्ही भाडेकरूच्या फोनवरून मला फोन केलात. "वैशे, आकडा इसरलो बग. सांग की."

मलाही आठवत नव्हता, दादा. हे तेव्हा कबूल केलं नाही. आदल्या दिवशी एवढी शिकवण दिली होती ना! म्हणाले, "फोनवर नको, कुणी ऐकेल. रविवारी येते."

"रविवारपातुर म्या मुका व्हय? संद्याला लावायचा हाय गं. लई तोडून बोललो त्येला."

"मग लावा की ह्याच फोनवरून."

"दुसऱ्याच्या फोनवरनं घरचं बोलनं बरं न्हाई. तूच म्हन्तीस न्हवं, उघड्यावर नगो?"

मी हसले आणि फोन ठेवला. संदीपला एवढा निरोप का नाही दिला? दोघांच्या भांडणात मध्ये पडायचं नाही, हा माझा नियम. मंगळवारी, बुधवारी मी तुम्हाला फोन केला का, म्हणून डायरी पाहिली. नाही केला. बुधवारच्या पानावर पडदे धुतल्याची नोंद आहे.

गुरुवारी भातलावणीला आलेल्या सुमनबाईंना तुम्ही बांधावर पडलेले दिसलात. मी पोचले तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "ताई, हातातच व्हता बगा. कुनाला तरी लावत व्हते."

पडद्यावर अक्षरं होती : अनेकदा चुकीचा पिन टाकला आहे, नंतर पुन्हा प्रयत्न करा. खाली मिनिटं कमी होत होती. कुणी पाहण्याआधी मी फोन बंद केला. दादा, किती वेळा आकडे टाकलेत तुम्ही? तळाशी आपत्कालीन कॉलचं बटण होतं, पिन नसताना चालणारं. ते मी कधी दाखवलंच नाही. उलट, माहीत नाही त्याला हात लावायचा नाही, ही ताकीद माझीच. तुम्ही वाचला असतात का? मला माहीत नाही. माहीत नाही याचा आधार घेऊन चार महिने काढले.

आणि संदीप? तो तेव्हापासून एकच म्हणतो, "ताई, चार दिवस त्यांनी मला फोन केला नाही. रागातच गेले." दहाव्याला हे सगळ्यांसमोर बोलून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. खरं माझ्या तोंडात होतं. ते मी गिळलं, कारण पिनचं सांगावं लागलं असतं.

काल दुकानदार म्हणाला, "मॅडम, पिन आठवत नसेल तर सगळं पुसूनच उघडावा लागेल." मी संदीपला फोन लावला.  तो म्हणाला, "पुस. फोटो गेले तर जाऊ देत. मला फक्त बघायचं होतं, एकदा तरी लावला होता का मला."

तेव्हाही मी बोलले नाही. त्याला हो म्हटलं. अर्ध्या तासानं दुकानदारानं फोन हातात ठेवला, "घ्या, नव्यासारखा." तुमचं त्यात काहीच उरलं नव्हतं. आणि दादा, मला हायसं वाटलं. दुकानाच्या पायरीवरच ते लक्षात आलं आणि स्वतःचीच किळस आली.

तुम्हाला त्याच्याशी बोलायचं होतं, हे सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी नाही. मी सांगेन. माझा पिन, माझं खोटं, बांधावरचा तो पडदा, काही वगळणार नाही. तो माझ्याशी कायमचं बोलणं तोडेल कदाचित. तोडू दे. तुम्ही रागात गेला नाहीत, एवढं त्याला मिळायलाच हवं.

तुमची,
वैशाली

उद्या : चांद्याला संदीपकडे जाणे.