धावपट्टीवरच्या पांढऱ्या फुलीबाबत

मी, खाली सही करणारी, पिकांवर विमानाने फवारणी करणाऱ्या वैमानिकाची विधवा, राहणार धावपट्टीलगतच्या घरात, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. शरीर अंथरुणाला खिळले आहे, डोके नाही. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. धाकट्या दिरांना शंका असेल तर त्यांनी आधी स्वतःचे डोके तपासून घ्यावे.

१. घर, शेत आणि बंद पडलेली धावपट्टी माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तीही बापासारखी वैमानिक आहे. धावपट्टी तिने नांगरून टाकावी, ही माझी अट समजावी.

२. ट्रॅक्टर यजमानांच्या विमानाची देखभाल करणाऱ्या फिटरला द्यावा. ट्रॅक्टरचे मागचे चाक वाकडे चालते, त्याचे कारण नोंदवणे भाग आहे. यजमानांनी मोठे विमान घ्यायचे ठरवले, तेव्हा धावपट्टी लांबवताना मध्ये जुनी विहीर आली. ती बुजवायचे काम दिरांनी अंगावर घेतले. दगड-मुरूम भरायचा सोडून त्यांनी फांद्या आणि गंजके पत्रे टाकले, वर माती लोटली. पुढे यजमान हृदयविकाराने गेले आणि मोठे विमान आलेच नाही. एकदा गवत काढताना ट्रॅक्टर तिथे खचला, मी थोडक्यात वाचले. दिरांनी आणखी माती ओढली. "वहिनी, आता कोण उतरतंय इथे? झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाले.

३. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर दोन्ही टोकांना मी चुन्याची मोठी फुली मारत आले. इथे उतरू नका, असा तिचा अर्थ प्रत्येक वैमानिकाला वरून कळतो. माझ्या मुलीने मात्र वेगळाच अर्थ काढला. "आई, ती फुली तू माझ्यावर मारलीस. मी विमान चालवते ते तुला बघवत नाही." नाहीच बघवत, आजही नाही. पण फुली त्यासाठी नव्हती. विहिरीचे सांगायला गेले, तर म्हणाली, "काका म्हणतात, तिथे विहीर नव्हतीच." माझा फोन ती उचलत नाही. काकांचा उचलते.

४. मी अंथरूण धरल्यापासून कोणीतरी फुल्यांवर माती पसरली आहे. खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा नवा कापडी मोजा फडकतो, तो मला खिडकीतून दिसतो. काल दीर उशाशी येऊन बसले. "पोरीला कळवलंय, वहिनी. म्हटलं, आईचं काही खरं नाही, रस्त्याने वेळ घालवू नको, थेट दारात उतर." बोलताना माझी चादर नीट करत होते. इतकी माया त्यांनी आजवर कधी केली नव्हती. मुलीमागे वारस तेच आहेत, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. मला त्यांची भीती वाटते.

५. म्हणून लिहिते की, मुलगी माझ्याआधी किंवा माझ्या अंत्यविधीला येताना गेली, तर सर्व मिळकत गावच्या दवाखान्याला जावी. दिरांना मातीचे ढेकूळही मिळू नये. माझ्या मरणाची वाट न बघता हे कलम त्यांना आजच वाचून दाखवावे. त्यांना फक्त यजमानांची दुर्बीण द्यावी. आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला ती कामाची आहे.

६. चुन्याचे पोते आणि घमेले फिटरचे. सही होताच त्याने ते उचलावे.

७. डॉक्टरीणबाईंनी मुलीला स्वतःच्या फोनवरून पुढचे शब्द सांगावेत. बाळ, तुझ्या उडण्याचा राग मी माझ्याबरोबर नेईन, तुझ्यामागे ठेवणार नाही. पण रस्त्याने ये. उशीर झाला तर होऊ दे. मी थांबेन, जिवंत असले तरी आणि नसले तरी.

सही : लिहून देणार, मुलीची आई

साक्षीदार १ : फिटर (सही केली, चुना घेऊन धावपट्टीकडे गेला)

साक्षीदार २ : डॉक्टरीणबाई (सही केली, फोन लावला, मुलीचा फोन बंद आहे)

ठिकाण : राहते घर, खिडकीजवळची खाट

तारीख : ९ ऑक्टोबर, दुपार

यजमानांच्या सवयीने हवाही लिहिते : आकाश स्वच्छ, वारा मंद. विमान उतरायला अगदी योग्य.