खालचा फोन

२ सप्टेंबर

पोचले एकदाची. घाटंजीच्या पुढं डांबरी रस्ता संपतो, मग दोन्हीकडं कपाशी, आणि कपाशी संपली की एकदम समोर तलावाचा बांध. ऑटोवाल्यानं सामान बांधावर चढवून दिलं. मी बॅग ठेवली आणि आधी पाण्यात पाय सोडून बसले. पलीकडं सागाचं जंगल, वर बगळे. नेरला घरी आईला सांगावंसं वाटलं की बघ, उगाच घाबरत होतीस. पण मोबाइलला इथं रेंजच नाही.

म्हणूनच तर माझी नोकरी आहे. तलावाचं पाणी किती चढलं हे इथला कॉम्प्युटर ठरल्या वेळी आपणहून फोन लावून लोहाऱ्याच्या आमच्या कंपनीला कळवतो. गेट उघडायचं की नाही, तो हुकूम त्याच कॉलवर परत येतो, घंटी वाजते, आणि चौकीदार फुलसिंग केबिनमधलं चाक फिरवतो. सगळं खांबावरच्या जुन्या टेलिफोन तारेवर. लिनक्सचं म्हातारं मशीन, लाल दिव्यांचा मोडेम, बाजूला लाइन तपासायचा रिसीव्हर. असला मोडेम माझ्या वर्गातल्या कुणी डोळ्यांनी पाहिला नसेल. कॉल मध्येच तुटतो, तो तुटू द्यायचा नाही, एवढंच काम.

फुलसिंगची बायको बसंतीबाई हिनं भाकर आणि आंबाडीची भाजी आणून दिली. दोघं खालच्या तांड्यावरचे. माझ्या आधी इथं रामधन नावाचे गृहस्थ होते. ते कुठं गेले विचारलं तर फुलसिंग म्हणाला, "गेला तो पुण्याले." बसंतीबाई मधेच उठून भांडी आवरायला लागली.

३ सप्टेंबर

आज मजा आली. मशीन वेळ नसतानाही फोन लावत होतं. शोधता शोधता सापडलं: घड्याळ जुळवणारा एक प्रोग्राम सारखा बाहेर विचारायला जातो, आणि कुणीही बाहेरचं काही मागितलं की हे मशीन भोळेपणानं नंबर फिरवतं. तो प्रोग्राम बंद केला. तारेची जोडणी गंजली होती, ती घासून नवी केली. मोडेमचा वेग उतरवला. दुपारचा कॉल एका दमात गेला. त्याच कॉलवरून पडद्यावर सदाशिवराव साहेबांचा मेसेज आला, शाबास म्हणून. साहेब लोहाऱ्याच्या ऑफिसचे प्रमुख. मुलाखतीत एकदाही हसले नव्हते.

५ सप्टेंबर

पुन्हा तुटायला लागलं. नोंदींत दर वेळी तेच: समोरचा सूर गेला, लाइन पडली. तार ठीक, मोडेम ठीक, पाऊस नाही, वारा नाही. शेवटी मोडेमचा स्पीकर पूर्ण कॉलभर चालू ठेवला. आधी डायल, मग ती शीळ आणि खरखर, मग छान चाललेलं असताना खट्‌. कुणीतरी रिसीव्हर उचलल्यासारखा आवाज. आणि लाइन पडली.

म्हणजे याच तारेवर दुसरा फोन आहे. कुणी तो उचलला की आमचा कॉल मरतो. साधी गोष्ट.

फुलसिंगला विचारलं. त्यानं तंबाखू मळायला घेतली. मग सांगितलं की बांधाच्या पायथ्याशी लोखंडी दार आहे, आत पायऱ्या उतरल्या की गेटची तळखोली, तिथं एक फोन आहे. पण दाराला बाहेरून कडी आणि कुलूप आहे, किल्ली त्याच्याकडं आहे, आणि आत कोणी जात नाही. मी म्हटलं, जाऊन तार काढून टाकू. तो म्हणाला, "कायले जाता तिकडं, मॅडम? चालून राह्यलं तसं चालू द्या."

६ सप्टेंबर

लाइनवर खरखर असली की पडद्यावर कचरा उमटतो, अर्थ नसलेली अक्षरं. आज तो कचरा पाहत बसले होते. खट्‌ झालं, आणि पडण्याआधी कचऱ्याच्या मधोमध इंग्रजी अक्षरांत एक शब्द आला. उघडा.

मी हसले. कचऱ्यात कधी कधी शब्द होतातच.

पुढच्या कॉलला पुन्हा तोच. त्याच्या पुढच्यालाही.

७ सप्टेंबर

साहेबांना सगळं लिहून कळवलं, खालचा फोन तोडायची परवानगी मागितली. उत्तर आलं की तळखोलीकडं जायचं नाही. कॉल तुटला की मशीननं लगेच पुन्हा लावायचा, कितीही वेळा तुटला तरी, हार मानायची नाही, असं सेट कर. ते मला येतं. दोन ओळींचा बदल. केला.

आता मशीन थांबत नाही. तुटलं की लावतं, तुटलं की लावतं. माहिती जाते आहे. साहेब खूश आहेत.

स्पीकरमधून मात्र आता शिळेच्या मागं माणूस ऐकू येतो. शब्द नाहीत. दम लागलेला माणूस.

९ सप्टेंबर

बसंतीबाईनं आज सांगितलं. फुलसिंग नव्हता, म्हणून. ती भाकर थापत होती, वर पाहिलंच नाही.

रामधन पुण्याला गेलेच नाहीत. खालचा फोन दुरुस्त करायला ते तळखोलीत उतरले होते. वर घंटी वाजली, गेट उघडायचा हुकूम आला. फुलसिंगनं बांधावरून येताना दार उघडं पाहिलं, जनावर शिरेल म्हणून कडी लावली, वर येऊन चाक फिरवलं. गेट उघडलं की तळखोलीत पाणी भरतं. रामधननं फोन उचलला असणार, पण लाइनवर मशीन होतं. त्यांच्या कानात नुसती शीळ. मशीन कॉल लावत राहिलं, ते ओरडत राहिले.

पाणी उतरल्यावर काहीच सापडलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं की माणूस नोकरी सोडून गेला. फुलसिंगला म्हणाले, तोंड उघडलंस तर नोकरी जाईल आणि तूही तुरुंगात जाशील. बसंतीबाई म्हणाली, "तवापासून आतून आवाज येते, बाई. हे कान दाबून बसते. उघडत नाही."

मी जेवले नाही.

१० सप्टेंबर

मी स्पीकर बंद केला. पडद्यावर येतंय. सगळी ओळ तेच. उघडा उघडा उघडा

मशीन बंद करायला गेले. साहेबांचा मेसेज आला होता, वरच्या भागात जोराचा पाऊस आहे, लाइन तुटली तर जबाबदार तू.

बंद केलं नाही.

११ सप्टेंबर

ठरवलं. खाली जाऊन तार कापायची. दिवसाउजेडी. फुलसिंग घाटंजीच्या बाजाराला गेलाय. बसंतीबाईनं किल्ली दिली. माझ्याकडं बघत नव्हती. ती तांड्यावर निघून गेली.

पकड, टॉर्च, ही वही. खुणा करायला लागेल म्हणून वही.

नंतर

पायऱ्या संपल्या तिथं भिंतीवर फोन आहे. रिसीव्हर खाली लोंबतोय. ओला. तार भिंतीच्या आतून गेलीय, कापायला कुठं हातच पुरत नाही. रिसीव्हर कानाला लावला. शीळ. माझं मशीन.

इथं कुणी नाही. टॉर्च सगळीकडं फिरवला. नुसती ओल, आणि गाळात पावलं. पावलं पायऱ्यांकडं गेलेली. वर. परत आलेली नाहीत —

नंतर

दार लागलं.

पळत वर गेले. बाहेरून कडी. फुलसिंग बाहेर होता, मला त्याच्या पिशवीतल्या बाटल्यांचा आवाज आला. मी ओरडले, फुलसिंगभाऊ, मी समीक्षा, दार उघडा.

तो रडत होता. म्हणाला, "नोको ना रे रामधन. मॅडमच्या आवाजात नोको बोलू."

मी नाव सांगितलं, नेरचं घर सांगितलं, त्याच्या बायकोनं किल्ली दिली ते सांगितलं.

तो म्हणाला, "मॅडम वरते मशीनपाशी बसल्या हायेत. मी आत्ताच पायलं. मले हात केला त्यायनं."

मग त्याची पावलं गेली.

नंतर

फोन उचलून धरलाय. शीळ तुटते, पुन्हा लागते. मधे जागाच नाही बोलायला. मी केलं तसं. हार मानत नाही.

हात दुखतात दारावर मारून. नखं —

नंतर

शीळ थांबली.

वरचा रिसीव्हर कुणीतरी उचलला. मी म्हणाले रामधनभाऊ, मी काही केलं नाही तुमचं. मी उघडायलाच आले होते. पाया पडते.

बाईचा आवाज. माझा. अगदी शांत. म्हणाली, लाइन सोडा ताई, कॉल जायचाय.

ठेवून दिला.

शीळ

वर घंटी. इथपर्यंत ऐकू येते. कधी कळलं नव्हतं की इथपर्यंत —

चाक फिरतंय. लोखंड करकरतंय डोक्यावर

पाणी पायऱ्यांवर वही वर धरलीय पण टॉर्च — आई, मी इथं खाली आहे, ती घरी आली तर दार उघडू