टीव्ही पिशोरला नेलाय

रत्ना,

टीव्ही जागेवर दिसला नाही तर घाबरू नको, मी तो पिशोरला घेऊन चाललोय. सोबत तू भंगारातून आणलेला जुना कंप्युटरही आहे. टीव्हीला जोडल्याशिवाय तो चालत नाही.

काल तू ड्यूटीवर असताना आमच्या गाण्याच्या पार्टीतल्या मालनबाई आल्या होत्या. मी त्या कंप्युटरवर पेटीची चाल भरत बसलो होतो. एकेका सुराचा आकडा टाकला की सगळी चाल तो आपोआप वाजवतो, त्याला माझा एक हात पुरतो. मालनबाई दारातच थांबल्या आणि गायला लागल्या. मग म्हणाल्या, "बन्सी, उद्या पिशोरच्या कार्यक्रमाला चल. बोटं गेली म्हणून सूर गेले व्हय?"

कंपनीत मशीनमध्ये बोटं गेल्यापासून सहा वर्षं मला पेटी वाजवायला कुणी बोलावलं नव्हतं. तू हे डबडं आणलंस त्या दिवशी मी तुला लई वाईट बोललो. तरी तू वायर जोडून दिलीस. ते मी विसरलेलो नाही.

वरण-भात झाकून ठेवलाय. जेवून चारच्या एसटीनं ये. तिथं माझं नाव पुकारतील, तेव्हा तू समोर बसलेली पाहिजेस.

बन्सी