निळ्या कडेचं दगडफूल

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

स्वतःच्या हातानं केलेलं : जुन्या कॅमेऱ्याच्या काचेचं भिंग, पितळी नळीत बसवलेलं. मोजणीसाठी तारेची चौकट, दहा बाय दहा सेंटीमीटर. कॅलेंडरच्या कागदाची एकशे बारा पाकिटं. आणि निळ्या कडेचं दगडफूल ज्यांच्यावर वाढतं त्या झाडांची यादी — चौदा झाडं, बस्तरच्या एकाच ओल्या घळीत. शाळा आठवीपर्यंत. बाकी सगळं पोलाद प्लांटची ड्यूटी सांभाळून, वाचून वाचून.

संशोधन संस्थेतल्या ममता मॅडमचा फोन. धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत या दगडफुलापुढे अजून 'माहिती अपुरी' आहे. माझी मोजणी आणि नमुना मिळाला तर 'अतिसंकटग्रस्त' लिहिता येईल, मग घळ राखायला वनखात्याला आधार मिळेल.

१३ नोव्हेंबर

नमुना गेला. बायकोनं, रेणूनं, मसाल्यात कुटला!

"माह्या मिरच्यांजवळ वाळत घातलं तुमी. कावून सांगतलं नाही?"

चूक माझी. संध्याकाळी वांग्याची भाजी झाली. खाल्ली. चांगली होती, हेही लिहून ठेवतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा घळीत. रेणू हट्टानं सोबत आली, गुडघे दुखत असताना. मी यादी पडताळत होतो, तर मागून म्हणते, "इकडे या जी. हे मोजलं का?"

नव्हतं मोजलं. पंधरावं झाड. चार वर्षं मी त्याच्यासमोरून जात होतो.

"पुस्तकात नसन ते," म्हणाली. ऐकून घेतलं. बायकोचे उपकार मानायला लाज कसली?

२ डिसेंबर

नवा नमुना पोचला. मॅडमनी दोनदा आभार मानले. मानायचे खरं तर मी.

५ ऑगस्ट २०२५

'अतिसंकटग्रस्त'. छापून आलं. मॅडमनी आधी विचारलं होतं, "जागा झाकतोय, नावही झाकू का? व्यापारी तुम्हाला शोधत येतील." मी म्हणालो, जागा झाका, नाव छापा. छापलं, एकही चूक नाही. आमच्या कामगार वसाहतीत, कॅंप-१ मध्ये, घरोघरी दाखवलं. देवापुढे पेढा ठेवला.

९ ऑगस्ट

दुर्गचा मसालेवाला राजकुमार घरी आला. छापलेलं नाव वाचून.

"भाऊ, आजूबाजूच्या तीन घळींतलं आमीच उचललं. निळ्या कडेचा वास भारी असते. तुमची तेवढी राहिली. नुसती दाखवून द्या."

आमच्या घरचं दगडफूल वीस वर्षं त्याच्याच दुकानातून येतं.

मी नाही म्हणालो. दोन लाख साठ हजार देत होता.