पाळण्याची चाळण

४ डिसेंबर १९३७, निपाणी

"आक्के, तू लिहिलंस की लोकांना ते खरं वाटतं. जरा जपून." — माहेरी आप्पा म्हणाले होते. मी तेव्हा अठरा वर्षांची, पहिली गोष्ट छापून आली होती. आज दिवसभर तेच कानात घुमतंय.

बेळगावहून पत्र आलंय. ह्यांच्या नव्या कंपनीचे भागीदार येत्या एकोणीसला, रविवारी, माझा सत्कार करणार. "तंबाखू चाळण्याचे यंत्र शोधणाऱ्या विदुषी"! मी जन्मात कधी तंबाखूची चाळण हातात धरलेली नाही.

५ डिसेंबर

लिहूनच टाकते. यंत्र नागुबाईचं.

आमच्या वखारीत ती तंबाखू चाळायला येते. खकाण्यानं, त्या तिखट धुळीनं, सगळ्या बायका खोकून बेजार. हिनं एका खोक्यात चाळण पाळण्यासारखी टांगली, वर झाकण लावलं आणि दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली — लेकीला, बेबीला, झोपवताना बांधायची तशीच. पाय हलला की चाळण हलते, धूळ खोक्यातच राहते. ह्यांनी ते पाहिलं. सुताराकडून मोठं करून घेतलं, चाक बसवलं. मग कंपनी काढायची ठरली, भांडवल हवं झालं. माहितीपत्रक कोण लिहिणार? घरात लेखिका आहेच!

मी तिचं नाव घातलं होतं. हे म्हणाले, "वखारीतल्या बाईचं नाव वाचून शेअर कोण घेईल?" मी लगेच खोडलं. वादही घातला नाही. त्या जागी लिहिलं, "एका स्त्रीला सुचलेली युक्ती". वाक्य मला आवडलंसुद्धा!

भागीदारांनी ती स्त्री म्हणजे मीच, असं धरलं. मी कुणाला नाही म्हटलं नाही.

८ डिसेंबर

आज लिहवत नाही.

११ डिसेंबर

बेळगावचे वकील आले होते. सगळ्यांत जास्त शेअर त्यांचे. "वहिनी, लेखणी चालवता चालवता हे कधी सुचलं हो तुम्हाला?"

हे दाराशी उभे. मला म्हणायचं होतं — मला नाही, नागुबाईला. म्हटलं काय? "चहा घ्या ना, गार होतोय." आणि हसले! ते हसणं आठवलं की अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

१६ डिसेंबर

धीर करून नागुबाईच्या घरी गेले. भर दुपारची ती घरात! म्हणाली, यंत्र चालायला लागल्यापासून तीनच बायका पुरतात. दिवाळीनंतर आठ जणींना घरी बसवलं, त्यांत तीही. मला पत्ता नव्हता. ह्यांना मी विचारलं तरी कुठे होतं!

मी म्हटलं, "नागुबाई, रविवारी सभेत मी तुझं नाव सांगणार आहे."

ती दचकलीच. "नगं आक्का, माझं नाव घिऊ नगासा! ती शेजारची मालुबाई — तिचंबी काम गेलंय. रोज कट्ट्यावर बसून म्हणतीया, यंत्र काढणारीचा मुडदा बशिवला. तिला वाटतंय, ती तुमी. लई बरं हाय तसंच."

मग पदर तोंडाला लावून हसली. "तुमास्नी काय, शिव्या माडीवर पोचत न्हाईत."

मी उठले तर दारापर्यंत आली. आता हसत नव्हती. "आमास्नी परत कामावर घ्या म्हणावं. नाव घिऊन काय चुलीत घालू?"

१७ डिसेंबर

युक्ती माझीच, असं रविवारी उभी राहून सांगणार आहे. पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं. सत्कारही घेईन. आणि मग हात जोडून भागीदारांकडे मागेन — माझ्या यंत्रानं घरी बसवलेल्या आठही जणींना परत घ्या. हे पहिल्या रांगेत असतील. नाही म्हणायला तेच आधी उठतील.