शुद्ध बोलणारी पाहिजे

३ जुलै
तिसऱ्या उमेदवारालाही नाही म्हणालो. प्रेम म्हणतो, मी नोकरीला माणूस नाही, घरात सून शोधतोय. हसलो, पण डोकं दुखतंय. जालन्याच्या मस्तगडातल्या या एका खोलीत कंपनी म्हणजे आम्ही दोघंच — तो अ‍ॅप बघतो, मी मोसंबी. शेतकऱ्याने मिस्ड कॉल द्यायचा, आपण उलट फोन करून बागेचं विचारायचं, उपाय सांगायचा. एवढाच धंदा! त्या फोनवर बसणारा पहिला माणूस चुकला की संपलं. दिवाळीपर्यंत दोनशे बागा जोडल्या नाहीत तर प्रेम पुण्याची नोकरी परत धरणार. तसं त्याने स्पष्ट सांगितलंय.

५ जुलै
धावडा गावची बेबीनंदा आली. खत-औषधाच्या दुकानात चार वर्षं काम केलेली. फळगळीवर काय सांगाल विचारलं, तर मलाच उलट विचारते — "फळ हिरवंच गळून राह्यलं का पिवळं पडून? ते सांगा, मंग औषधाचं बोलू." अगदी नेमका प्रश्न.

तरी नाही म्हणालो. प्रत्येक वाक्यात न्हाई आणि मंग! कंपनीचा आवाज असा कसा चालेल? बाकी सगळं छान आहे, तेवढी भाषा सुधारा, असं तोंडावर सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

९ जुलै
प्रियदर्शनीला घेतलं. बोलणं बातम्या वाचल्यासारखं स्वच्छ. प्रेम खूश. मी पण.

२८ जुलै
फोन लागतात. टिकत नाहीत. जोडलेल्या बागा — सतरा.

११ ऑगस्ट
आज तिच्या शेजारी बसून ऐकलं. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडून एकच — बँकेचं काही नको! आणि कट. दिवसभर हेच. संध्याकाळी तिने विचारलं, सर, माझं काय चुकतंय? पोरीचं काहीच चुकत नाही.

मुद्दाम आमच्या कुंभार पिंपळगावच्या कारभारीकाकांना फोन लावला. त्यांनीही तिचा फोन मधेच ठेवला होता. म्हणाले, "ती बाई व्हती का? मला वाटलं टेप लागली."

खरं इथे तरी लिहावं. पुण्यात पहिल्या नोकरीत मी "करून राह्यलो" म्हणालो आणि अख्खं टेबल हसलं. तेव्हापासून माझी बोली मी घासून घासून काढली. लाज माझी, आणि नोकरी हुकली बेबीनंदाची. स्वतःचाच राग येतोय.

१४ ऑगस्ट
प्रेम म्हणतो, धावड्याच्या त्या बाईलाच आण, नाहीतर मी चाललो. दिवसभर लावतोय, तिचा फोन बंद.

१६ ऑगस्ट
लागला! "नमस्कार, आपण कोण बोलत आहात?" चुकीचा नंबर म्हणून ठेवणारच होतो. नाव सांगितल्यावर ती खुलली. मी सांगितलं त्याच आठवड्यात तिने जालन्यात क्लास लावला म्हणे. "घरीसुद्धा आता असंच बोलते, सर. आई हसते, पण मी सोडलं नाही. केव्हा रुजू होऊ?"